सगळा प्रवास एकाच अ‍ॅपात: सुरुवातीला काय वापरता आणि पुढे काय उरतं?

पायपीट (धागाकर्ती)

प्रवासाची अ‍ॅप्स आता नुसता रस्ता दाखवून थांबत नाहीत. बसची वेळ, मेट्रोचं तिकीट, मासिक पास, टॅक्सी, भाड्याची सायकल, पैशांचं पाकीट, वर जेवण मागवा, पार्सल पाठवा... सगळं एकाच चौकोनात कोंबलेलं. कोणतं अ‍ॅप चांगलं यावर उदंड चर्चा झाल्यात, त्यात मला शिरायचं नाही. मला कुतूहल आहे ते हे: एकच माणूस तेच अ‍ॅप पहिल्या आठवड्यात कसं वापरतो, सहा महिन्यांनी कसं आणि तीन वर्षांनी कसं?

घरच्यांचे आणि ऑफिसातल्या मंडळींचे फोन (रीतसर विचारून!) पाहिल्यावर माझं मत असं झालंय की अ‍ॅप वाढत जातं आणि वापर आटत जातो. नव्याची नवलाई असते तेव्हा माणूस प्रत्येक बटण दाबून बघतो. सायकल कुठे मिळेल, टॅक्सीने किती वेळ वाचेल, चालत गेलं तर किती लागेल. मग रोजचा रस्ता बसतो आणि दोन-तीन गोष्टी सोडून बाकीच्यांवर धूळ.

त्याच्याही पुढची पायरी मला जास्त गमतीची वाटते. तिथे प्रश्नच बदलतो. 'कसं जाऊ?' हे विचारायची गरज संपते, 'आत्ता कुठवर आलीये?' एवढंच उरतं. माझी एक सहकारी संध्याकाळी काय करते बघा. अ‍ॅप उघडते, शोधायच्या चौकटीला हातही लावत नाही, खाली जतन केलेल्या थांब्यावर बोट ठेवते. नऊ मिनिटं दिसली तर आणखी एक मेल लिहून होते. पाच दिसली की बॅग उचलते. नकाशा नाही, भाडं नाही, पर्याय नाहीत. त्या अ‍ॅपात डझनभर सेवा असतील, तिच्या लेखी एक थांबा आहे.

कंपन्या मात्र उलट्या दिशेने चाललेल्या. 'गोजेक'चं घ्या. २०१० मध्ये जकार्तात दुचाकीवाल्यांना फोनवरून भाडी मिळवून देणारं कॉल सेंटर म्हणून सुरुवात, २०१५ मध्ये अ‍ॅप आलं, मग जेवण, पैसे, आणि होता होता घरी येऊन साफसफाई आणि मालिशसुद्धा. हे शेवटचं 'गोलाइफ' जुलै २०२० मध्ये बंद झालं. महामारीचा फटका होताच, पण कंपनीने हातात घट्ट धरून ठेवलं ते प्रवास, जेवण आणि पैसे.

तुमच्याकडे काय चित्र आहे? आणि वापर आटतो हे चांगलं की वाईट?

---

सिग्नल_लाल

+१. माझ्याकडे तिकीट आणि गाडीची वेळ, बाकी शून्य. सायकलीचं बटण कुठे गेलं तेही आता ठाऊक नाही.

---

आकडेमोड

अशाच एका अ‍ॅपच्या टीममध्ये बरीच वर्षं काढली आहेत (नाव घेत नाही, विचारू नका). आतून हे कसं दिसतं ते सांगतो.

वरच्या मंडळींसमोर जो आकडा जातो तो 'महिन्यात किमान एकदा अ‍ॅप उघडणारे' असा असतो. पाच सेकंदांत थांबा बघून बंद करणारी तुमची सहकारी आणि दहा मिनिटं पर्याय चाळून टॅक्सी बोलावणारा माणूस, दोघांची किंमत त्यात एक. मग कोणीतरी दुसरा तक्ता काढतं: माणूस एका वेळी अ‍ॅपात किती रेंगाळतो. जुन्या वापरकर्त्यांचा हा वेळ कमी कमी होत जातो. बैठकीत त्याचा अर्थ निघतो 'लोकांचा रस आटतोय'. अहो, रस कसला आटतोय, हात बसलाय! जो माणूस अ‍ॅप शिकला तो त्यात कमी वेळ घालवणारच. पण 'लोक लवकर बाहेर पडतात म्हणजे आपण चांगलं काम केलं' हे वाक्य भर बैठकीत बोलायला छाती लागते.

त्यातून पुढचं महाभारत. प्रत्येक नव्या सेवेच्या टीमला मुखपृष्ठावर जागा हवी असते. जागा तेवढीच. मग सगळ्यात जास्त वापरलं जाणारं बटण खाली ढकललं जातं, कारण युक्तिवाद असा की ते लोक कसंही करून शोधतातच. आणि ते खरंही असतं. आकडे पडत नाहीत, म्हणजे निर्णय बरोबर ठरतो. शिव्या येतात त्या सगळ्यात जुन्या लोकांच्या. नव्या माणसाला बटण कुठे होतं हे माहीतच नसतं, जुन्याचा अंगठा मात्र न बघता तिथे जात असतो.

---

भिंगरी

@आकडेमोड, अगदी अगदी! मागच्या अपडेटनंतर जिथे माझा पास उघडायचा तिथे आता 'मित्रांना बोलवा, सवलत मिळवा' उघडतं. फाटकापाशी मागे रांग, आणि मी मित्रांना बोलावतेय.

---

निरुपमा_वाचते

धागा मस्त. थोडं संशोधनाच्या अंगाने.

सवय लागायला २१ दिवस पुरतात ही थाप सगळीकडे फिरत असते. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, त्यात एखादी कृती आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागताना दिसले, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ पर्यंत. त्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, अ‍ॅपच्या नव्हेत, त्यामुळे आकडा जसाच्या तसा इथे चिकटवू नये. पण पहिल्या महिन्याच्या वापरावरून माणसाविषयी काही ठरवू नये, इतकं त्यातून नक्की घेता येतं.

दुसरा अभ्यास या धाग्याच्या जास्त जवळचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला. काही स्थानकं बंद, काही चालू. लोकांना नाइलाजाने वेगळे रस्ते धरावे लागले. लार्कम, राउख आणि विलेम्स या तिघांनी प्रवासकार्डांच्या नोंदी तपासल्या, तर संप मिटल्यावरही सुमारे ५ टक्के लोक जुन्या रस्त्यावर परतलेच नाहीत. म्हणजे इतकी वर्षं ते आपल्या सोयीचा नसलेला रस्ता धरून होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता! एक कारण असं की तिथला प्रसिद्ध नकाशा सुटसुटीत दिसावा म्हणून अंतरं ओढूनताणून काढलेली आहेत. ज्या भागात ही ओढाताण जास्त, तिथले लोक जास्त प्रमाणात बदलले.

आता हे तुमच्या सहकारीला लावून बघा. ती पाच सेकंदांत काम उरकते ते कौतुकाचंच. पण तिच्या घराजवळून नवी बस सुरू झाली तर तिला कळणार कधी? तिने विचारणंच सोडलंय. तेव्हा 'चांगलं की वाईट' यावर माझं उत्तर: सोयीचं आहे, आणि थोडं महागही पडतं.

---

कुंपणावरचा

सगळे सहमत होताहेत म्हणून मुद्दाम विरोधी सूर लावतो.

'वापर आटतो' हे मोजमापच मला पटत नाही. घरातलं आग विझवायचं नळकांडं आपण रोज वापरतो का? अ‍ॅपातल्या कित्येक गोष्टी त्या जातीच्या आहेत. मित्राचा पाय मोडला. तोवर 'जिने टाळून रस्ता दाखवा' ही खूण त्या अ‍ॅपात आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. कुबड्या आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून तो फक्त तेवढंच बघू लागला. कुठल्या स्थानकावर लिफ्ट आहे, ती आज चालू आहे का, फलाट आणि डब्याच्या पायरीत किती उंचीचा फरक. नेहमीचं स्थानक सोडून तो एक स्थानक पुढे उतरायचा, कारण तिथली लिफ्ट थेट रस्त्यावर निघते. प्लास्टर निघालं, खूण काढली, विषय संपला. आता तुमच्या आलेखात ही सेवा 'दोन महिने वापरून सोडून दिली' अशी दिसणार. तिचं मोल एवढंच का?

काळानुसार वापर बदलतो हे खरं, पण तो उतारावरून घरंगळत नाही. घर बदललं, नोकरी बदलली, मूल झालं, आईवडील राहायला आले की नव्याने सुरू होतो. हे माझं वैयक्तिक मत.

---

निरुपमा_वाचते

@कुंपणावरचा, विरोध करता करता तुम्ही एका मान्यवराच्या बाजूला जाऊन बसलात. बास व्हर्प्लॅन्केन नावाचे मानसशास्त्रज्ञ नेमकं हेच मांडतात: आयुष्यात मोठा बदल झाला की सवयीचा धागा तुटतो आणि काही काळ माणूस पुन्हा विचार करून निवड करू लागतो. नुकतं घर बदललेल्यांना प्रवासाची पद्धत बदलायला सुचवलं तर ते जास्त ऐकतात, मुरलेल्यांना कितीही सांगा.

---

पायपीट

@कुंपणावरचा, पॉइंट आहे. 'आटतो' ऐवजी 'आटतो आणि अधूनमधून फुगतो' म्हणू. पण फुगल्यानंतर तो पुन्हा आटतोच की. मित्राने प्लास्टर निघाल्यावर स्वतःहून आणखी काही धुंडाळलं का?

---

कुंपणावरचा

नाही. हरलो असं मात्र म्हणणार नाही.

---

चाकावरचं_जग

मी गाडी चालवतो, त्यामुळे पडद्याच्या पलीकडची बाजू.

नवा चालक येतो तो अ‍ॅप सांगेल तसं करतो. येईल ते भाडं घ्यायचं, निळी रेघ जाईल तिकडे जायचं. काही महिन्यांनी रेघेकडे लक्ष जातं ते फक्त पुढे तुंबलंय का हे बघायला, रस्ता डोक्यात असतो. पुढे समोर एकाच्या जागी दोन अ‍ॅप्स येतात, कोणाचे तीन. एकाचं भाडं घेतलं की दुसरं बंद करायचं, उतारू उतरायच्या जरा आधी दोन्ही चालू. 'घराच्या दिशेचंच भाडं द्या' हे बटण पहिल्या महिन्यात कोणी दाबत नाही. मुरलेला माणूस दिवसाच्या शेवटी त्याच्याशिवाय घरी जात नाही.

उतारूही बदलतात. सुरुवातीला गाडी घेतली की हमखास फोन यायचा. 'दादा, कमानीतून आत या, मग उजवीकडे, पाण्याच्या टाकीपाशी थांबा.' आता नकाशावर खूण टोचतात आणि गप्प. खूण इमारतीच्या मागच्या भिंतीवर पडलेली असते, तिथे दारच नसतं. मी मागे उभा, ते पुढे उभे, आणि अ‍ॅप दोघांनाही सांगतं 'पोहोचलात'.

आणि जुने उतारू आमच्यासारखेच दोन अ‍ॅप्स उघडून बसतात. जी गाडी जवळ ती घेतात, दुसरी रद्द. ते वाईट वागतात असं नाही म्हणत, आम्हीही तेच करतो.

---

भिंगरी

मागच्या भिंतीची खूण!! दादा, तुम्ही स्वतंत्र धागा काढाच.

---

पायपीट

चाकावरचं_जग, फार छान लिहिलंत. यातून मला वाटतं, 'एकाच अ‍ॅपात सगळं' ही कल्पना दोन्ही बाजूंनी मोडते. मुरलेला माणूस एका अ‍ॅपातल्या दहा सेवा वापरण्याऐवजी दोन-तीन अ‍ॅप्समधली एकेक सेवा उचलतो.

फिनलंडचं 'व्हिम' आठवतंय का? २०१६ मध्ये हेलसिंकीत सुरू झालं. बस, ट्राम, टॅक्सी, भाड्याची गाडी, सायकल, सगळ्याचं एकच मासिक वर्गणीत तिकीट. सर्वांत वरची योजना महिन्याला ४९९ युरोंची होती. स्वतःची गाडी ठेवायचीच गरज उरणार नाही असा दावा. जगभर कौतुक झालं, आणि मार्च २०२४ मध्ये ती चालवणारी 'मास ग्लोबल' दिवाळखोरीत गेली. कारणं पैशांचीही असणार, दुसऱ्याची तिकिटं विकून हाती उरणारं कमिशन ते किती. तरी मला शंका येते की बहुतेकांना सगळं कधी हवंच नव्हतं.

---

निरुपमा_वाचते

'व्हिम'च्या आधीचा एक प्रयोग इथे अगदी चपखल बसतो. स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला २०१३-१४ मध्ये सहा महिने 'उबिगो' चाललं. कुटुंबांनी महिन्याचे पैसे आधी भरायचे आणि बस, भाड्याची गाडी, सायकल, टॅक्सी त्यातून वापरायची. अभ्यासकांनी लोकांना आधी आणि नंतर विचारलं. सामील व्हायचं मुख्य कारण होतं कुतूहल. टिकून राहण्यात पुढे आली सोय. म्हणजे धागाकर्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या पायरीला तिथे दुजोरा मिळतो. मात्र 'कोणालाच सगळं नको असतं' याला मिळत नाही. प्रयोग संपला तेव्हा बऱ्याच जणांना तो चालू राहावा असं वाटत होतं.

---

आकडेमोड

पण कुतूहलाने आलेला माणूस आणि सोयीसाठी थांबलेला माणूस यांच्यासाठी दोन वेगळे पडदे लागतात. आम्ही एकच बनवायचो, आणि तो कायम पहिल्यासाठी. कारण जाहिरातीचा खर्च त्याच्यावर झालेला असतो.

---

जुनाट_पाकीट

एक गोष्ट कोणी बोललं नाही. काही कामं अ‍ॅपमधून निघूनच जातात. तिकिटाचंच बघा. लंडनच्या बसमध्ये डिसेंबर २०१२ पासून आणि भुयारी रेल्वेत सप्टेंबर २०१४ पासून साधं बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं. दिवसभरात कितीही फिरा, ठरावीक रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत, यंत्रणाच हिशेब ठेवते. कुठला पास स्वस्त पडेल याचं गणितच उरलं नाही. मग अ‍ॅपमधलं तिकीट कोण उघडेल? जपानात तर 'सुइका' कार्ड २००१ चं आणि ते फोनमध्ये आलं २००६ ला, म्हणजे आजच्या स्मार्टफोनच्या आधी. फोन टेकवा, चालू लागा.

तेव्हा वापर 'आटला' की ती सेवा अ‍ॅपच्या खालच्या थरात मुरली, हेही बघायला हवं. चांगली सोय झाली की तिच्यासाठी अ‍ॅप उघडावं लागत नाही.

अवांतर: बॅटरी संपल्यावर यातलं काय चालतं ते प्रत्येकाने आपल्या फोनपुरतं तपासून ठेवा. काही फोनांत बंद पडल्यावरही काही तास कार्ड टेकवता येतं. पडद्यावरचं क्यूआर तिकीट मात्र गेलं.

---

सांजवात

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. माझा वापर कमी झाला नाही, पण आता तो माझ्यासाठी नसतोच.

आई दुसऱ्या गावी एकटी राहते. तिच्या फोनवर अ‍ॅप घालून दिलं होतं, शिकवलंही, पण 'ते काय काय विचारत बसतं' म्हणून ती उघडत नाही. मग मीच इथून तिच्यासाठी गाडी बोलावते. फोन चालू ठेवायचा. 'आई, पांढरी गाडी, शेवटचे आकडे चार-सात.' 'पांढऱ्या तर तीन आहेत गं.' 'नंबर बघ ना.' 'चष्मा पर्समध्ये आहे.' तोवर चालक वैतागलेला. गाडी निघाली की मी नकाशावरचा ठिपका बघत बसते. तो एका जागी थांबला की पोटात गोळा, आणि सिग्नल सुटला की हलतो.

कंपनीच्या हिशेबात मी त्या गावात भरपूर फिरणारी बाई आहे. तिथल्या सवलती मलाच येतात.

---

चाकावरचं_जग

सांजवात ताई, गाडी बोलावल्यावर चालकाला संदेशात 'वयस्कर आहेत, दाराशी या, नावाने हाक मारा' एवढं लिहीत जा. निदान मी तरी उतरून हाक मारतो. सगळेच करतील असं नाही, पण लिहिलेलं दिसलं तर पुष्कळ जण करतात.

---

सांजवात

दादा, आभार. उद्याच तिला दवाखान्यात जायचंय, करून बघते.

---

सिग्नल_लाल

सूचनांचं कोणी काही बोललं नाही. आधी आपण सगळ्याला 'हो' म्हणतो: ठिकाण, सूचना, संपर्क. मग दिवसातून चारदा 'आज आमच्याकडे धमाका!' येऊ लागतो, वैतागून सूचना बंद. आणि मग ज्या दिवशी गाड्या खरंच बंद असतात त्या दिवशीही अ‍ॅप गप्प. धमाका आणि बिघाड एकाच नळातून का सोडतात हे लोक?

---

आकडेमोड

@सिग्नल_लाल, अँड्रॉइडवर २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून एकाच अ‍ॅपच्या सूचना प्रकारानुसार वेगवेगळ्या बंद करता येतात. सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या सूचनांत जाऊन पाहा, 'ऑफर' आणि 'सेवेतील बदल' वेगळे दिसले तर पहिलं बंद, दुसरं चालू. अर्थात कंपनीने ते वेगळे काढले असतील तरच. काही जण मुद्दाम काढत नाहीत, का ते तुम्हीच ओळखा.

आणि @कुंपणावरचा, तुमच्या नळकांड्यासाठी एक धोक्याची सूचना. अँड्रॉइड ११ पासून काही महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या फोन आपणहून काढून घेतो. खासगीपणासाठी हे चांगलंच आहे. पण परक्या शहरात रात्री उशिरा गाडी बोलवायला जाल तर अ‍ॅपला तुम्ही कुठे आहात तेच कळणार नाही, लॉगिनही कदाचित गेलेलं असेल, आणि ओटीपी जुन्या नंबरवर.

---

कुंपणावरचा

म्हणजे जे क्वचित लागतं तेच ऐन वेळी दगा देणार. यावर उपाय?

---

आकडेमोड

प्रवासाच्या आदल्या दिवशी घरच्या वायफायवर एकदा उघडायचं. लॉगिन आहे का, ठिकाण सापडतंय का, पैसे भरायचं कार्ड मुदतीत आहे का, एवढं बघायचं. त्या शहराचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवायचा. अ‍ॅपच्या माहितीत 'न वापरल्यास परवानग्या काढा' अशा अर्थाचं एक बटण असतं, ते त्या एका अ‍ॅपपुरतं बंदही करता येतं.

---

भिंगरी

आत्ता बघितलं. माझ्या फोनने पाच अ‍ॅप्सच्या परवानग्या काढल्यात, त्यातली तीन प्रवासाची. एक तर कधी घातलं होतं तेच आठवत नाहीये.

---

पायपीट

@भिंगरी, ते न आठवणारं अ‍ॅप उघडून बघ आणि इथे सांग, त्यात तू शेवटचं काय केलं होतंस?

---

भिंगरी

सायकल भाड्याने घेतली होती. अनामत रक्कम अजून त्यांच्याकडेच आहे! परत कशी मागायची कोणाला ठाऊक आहे का?